हजर नसलेल्याची हजेरी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



जुलै 2023च्या दुसऱ्या आठवड्यात पूर्व दिल्लीतील मयूर विहारच्या रस्त्यांच्या कडेला ताडपत्रीचे तंबू उभे राहिले होते. यमुनेच्या डाव्या तीरालगतच्या या वसाहतीचा भूगोल साधा आहे. एका बाजूला गृहसंस्थांच्या इमारती आणि त्यांच्या डोक्यावरून जाणारे मेट्रोचे उन्नत मार्ग, तर दुसऱ्या बाजूला नदीचे खादर, म्हणजे पूर ओसरताना गाळ टाकून जाणारी सपाट जमीन. या खादरात भाजीपाला पिकवणारी कुटुंबे वर्षानुवर्षे झोपड्या बांधून राहतात. नदी चढू लागली तेव्हा खाटा, भांडी, गुरे आणि मुले घेऊन ती वर रस्त्यावर आली.

त्यांना वर येण्यास सांगणारा शेवटी एक आकडा होता. दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापाशी यमुनेची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये मोजली जाते. तेथे 205.33 मीटर ही धोक्याची पातळी आहे आणि 206 मीटरला सखल भागातील वस्ती हलवावयाची असा संकेत आहे. 10 जुलैच्या सायंकाळी नदीने धोक्याची रेषा ओलांडली. 12 जुलै रोजी 1978 सालचा 207.49 मीटरचा उच्चांक मागे पडला आणि 13 जुलै रोजी पाणी 208.66 मीटरपर्यंत पोहोचले. वझीराबाद, चंद्रावल आणि ओखला येथील जलशुद्धीकरण केंद्रे बंद करावी लागली. यमुना बँक मेट्रो स्थानकात बाहेरून होणारा प्रवेश थांबविण्यात आला. यमुनेवरील मेट्रोच्या चारही पुलांवरून गाड्या ताशी 30 किलोमीटरच्या मर्यादेत चालविण्यात आल्या. मयूर विहारहून निजामुद्दीनकडे जाणारा प्रवासी त्यांपैकीच एका पुलावरून, खाली पसरलेले मातकट पाणी पाहत, नेहमीपेक्षा संथ गतीने पलीकडे जात होता.

तंबू, पाणीपुरवठा आणि गाडीचा वेग या तिन्ही गोष्टी ज्या आकड्याशी बांधलेल्या होत्या, तो आकडा एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे कसा जातो आणि जाता जाता कसा बिघडू शकतो, हा या व्याख्यानाचा विषय आहे. उद्योगक्षेत्रात याला यंत्रांमधील माहितीच्या जोडणीची मांडणी म्हणतात. नाव रुक्ष आहे आणि काम त्याहून रुक्ष. चाकणच्या कारखान्यात, कोयनेच्या वीजगृहात, नळपाणी योजनेच्या पंपघरात ते रोज चालते आणि नीट झाले असेल तर त्याची चर्चा कोणी करीत नाही.

यमुनेचे पाणी डोंगरांतून उतरून हरियाणातील हथनीकुंड बंधाऱ्यापाशी येते. तेथून सोडलेले पाणी दिल्लीस पोहोचण्यास साधारणतः दोन ते तीन दिवस लागतात. किती पाणी सुटले हे सांगणारा आकडा मात्र काही क्षणांत पोहोचू शकतो. खादरातील कुटुंबाला सामान बांधण्यासाठी मिळणारा वेळ म्हणजे या दोहोंमधील अंतर. आकडा चुकला अथवा वाटेत अडकला, तर हे दोन-तीन दिवस असून नसल्यासारखे होतात.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळावयाचे. नदीची पातळी मोजण्यासाठी पुलाखाली रडारचा सेन्सर टांगण्याची पद्धत आज बरीच रूढ आहे. हा सेन्सर पाण्याची पातळी मोजत नाही. तो स्वतःपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजतो. नदी चढू लागली की त्याचा आकडा उतरू लागतो. सेन्सर किती उंचीवर बसविला आहे हे कोणीतरी नोंदयंत्राला सांगून ठेवलेले असते आणि त्या उंचीतून अंतर वजा केले की नदीची पातळी मिळते. उदाहरणादाखल, सेन्सर समुद्रसपाटीपासून 212 मीटर उंचीवर आहे असे समजू. पाण्यापर्यंतचे अंतर 3.34 मीटर भरले, तर पातळी 208.66 मीटर येते. वजाबाकी तिसरीच्या मुलाला जमेल अशी आहे. पण त्या वजाबाकीतील 212 हा आकडा कोणी एका तंत्रज्ञाने एका दुपारी पुलावर उभे राहून यंत्रात टंकलेला असतो.

सेन्सरपासून नोंदयंत्रापर्यंतचा निरोप पुष्कळदा विद्युत प्रवाहाच्या रूपाने जातो. 4 मिलीअँपिअर म्हणजे मापाचा आरंभ आणि 20 मिलीअँपिअर म्हणजे मापाचा शेवट. शेवट म्हणजे किती मीटर, हे दोन्ही यंत्रांनी सारखेच मानावयास हवे. सेन्सरचे माप शून्य ते 10 मीटर असे लावलेले आहे आणि नोंदयंत्रात चुकून शून्य ते 20 मीटर असे भरले गेले, अशी कल्पना करावी. 3.34 मीटरचे अंतर पलीकडे 6.68 मीटर म्हणून उमटेल. 212 मधून ते वजा केले की नदीची पातळी निघते 205.32 मीटर. म्हणजे यमुनेने आपल्या ज्ञात इतिहासातील उच्चांक गाठलेला असताना पडद्यावर ती धोक्याच्या रेषेच्या बरोबर एक सेंटिमीटर खाली शांतपणे वाहत असेल. तार शाबूत, वीज शाबूत, सेन्सर अचूक, संगणक चालू. कोठेही तांबडा दिवा लागणार नाही.

दिल्लीत असे घडले, असा याचा अर्थ नव्हे. हे कागदावर मांडलेले गणित आहे. परंतु या क्षेत्रात काम केलेल्या कोणालाही ते अपरिचित वाटणार नाही.

यंत्रे एकमेकांशी बोलतात ती भाषा समजून घेण्यासाठी शाळेतील हजेरीइतका चांगला दाखला नाही. गुरुजी हजेरीपट उघडतात, एकेक क्रमांक पुकारतात आणि ज्याचा क्रमांक असेल तोच विद्यार्थी उत्तर देतो. न विचारता कोणी बोलावयाचे नाही, दुसऱ्याचा क्रमांक आला तर गप्प राहावयाचे. 1979 साली अमेरिकेतील मोडिकॉन या कंपनीने आपल्या कारखानी नियंत्रकांसाठी जी भाषा तयार केली, ती नेमकी अशीच आहे. तिचे नाव मॉडबस. ती इतकी साधी होती आणि सर्वांना वापरण्यास इतकी मोकळी होती की चार दशके उलटून गेल्यावरही वीजमीटर, पंप, जनरेटर, वातानुकूलन यंत्रे यांच्यात ती सर्रास बोलली जाते. एखाद्या गृहसंस्थेच्या तळघरातील पंपाच्या पॅनलमध्येही ती सापडेल. विचारणाऱ्या यंत्राला मालक आणि उत्तर देणाऱ्याला गुलाम म्हणण्याची तांत्रिक रूढी दीर्घकाळ चालली. 2020 साली ती शब्दयोजना अधिकृतपणे टाकून देण्यात आली. गुरुजी आणि विद्यार्थी म्हटले असते, तर हा बदल करण्याची वेळच आली नसती.

वर्गात किती मुले असावीत यालाही मर्यादा आहे. या भाषेत विद्यार्थ्यांचे क्रमांक 1 ते 247 एवढेच असू शकतात. दोन यंत्रांना चुकून एकच क्रमांक दिला गेला तर तो पुकारल्यावर दोघेही एकदम उत्तर देतात आणि गुरुजींना गोंगाटाखेरीज काही ऐकू येत नाही. बोलण्याचा वेगही ठरलेला असावा लागतो. एक यंत्र सेकंदाला 9600 बिटांच्या वेगाने बोलत असेल आणि दुसरे 19200 च्या वेगाने ऐकत असेल, तर पहिल्याचे बोलणे दुसऱ्याच्या कानी निव्वळ बरळणे ठरते. तारांचेही काही नियम आहेत. पीळ दिलेल्या दोन तारांची ही वाहिनी सुमारे 1200 मीटरपर्यंत जाऊ शकते. पण तिच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा रोधक बसवावा लागतो, एरवी डोंगरकड्यावरून आवाज परतावा तसा संदेश टोकावरून परत येतो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळतो. कित्येकदा आठवडाभर न सापडलेला दोष शेवटी या दोन रुपयांच्या रोधकात सापडतो.

ही सगळी अडचण त्रासाची असली तरी धोक्याची नाही, कारण ती लपून राहत नाही. उत्तरच येत नाही, काम अडते, आणि माणूस उठून पाहावयास जातो. खरा घोटाळा उत्तर येऊ लागल्यानंतर सुरू होतो.

यंत्राच्या आत माहिती कप्प्यांत ठेवलेली असते. या कप्प्यांना रजिस्टर म्हणतात. एका कप्प्यात शून्यापासून 65,535 पर्यंतचाच आकडा मावतो. त्याहून मोठा आकडा ठेवावयाचा तर तो दोन कप्प्यांत वाटून ठेवावा लागतो. आणि डावा कप्पा आधी वाचावयाचा की उजवा, याविषयी जगातील यंत्रनिर्मात्यांचे एकमत कधीच झाले नाही. वीजमीटरमध्ये 1,00,000 युनिट नोंदलेले असतील तर ते एका कप्प्यात 1 आणि दुसऱ्यात 34,464 असे बसतात. वाचणाऱ्याने क्रम उलटा धरला, तर तोच आकडा 225 कोटी 86 लाख 32 हजार 705 असा दिसतो. त्याचप्रमाणे काही यंत्रे कप्पे शून्यापासून मोजतात, काही एकापासून. आणि उणे आकड्यांची तऱ्हा तर निराळीच. लसींच्या शीतपेटीचे तापमान उणे अर्धा अंश असेल आणि वाचणाऱ्या यंत्राला उणे चिन्हाची सूचना दिलेली नसेल, तर पडद्यावर 6553.1 अंश उमटते. सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही ही शीतपेटी अधिक तापलेली.

अशा चुका पाहून नियंत्रण कक्षात हशा पिकतो आणि पाच मिनिटांत दुरुस्ती होते. त्या निरुपद्रवी आहेत, कारण त्या अवाढव्य आहेत. उलट शेजारचा कप्पा वाचला गेला, पहिल्या फेजच्या 231 व्होल्टऐवजी दुसऱ्या फेजचे 229 व्होल्ट दिसू लागले, तर ते वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. खोटा आकडा खऱ्या आकड्याच्या जितका जवळ, तितके त्याचे आयुष्य अधिक.

कोल्हापूर-सांगलीकडील श्रोत्यांना याचे एक घरगुती उदाहरण देता येईल. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी फूट आणि इंचांत सांगितली जाते. 39 फुटांवर इशारा आणि 43 फुटांवर धोका. सांगलीत आयर्विन पुलापाशी हेच टप्पे 40 आणि 45 फुटांचे आहेत. पावसाळ्यात सकाळी उठल्याबरोबर हा आकडा विचारणारी घरे त्या भागात हजारोंनी आहेत. दिल्लीचा आकडा समुद्रसपाटीपासूनचा आणि मीटरमधला. कोल्हापूरचा आकडा तेथील मोजपट्टीवरचा आणि फूट-इंचांतला. आता पातळी 42 फूट 11 इंच आहे, म्हणजे धोक्याला एकच इंच उरला आहे, आणि कोणी ती संगणकात 42.11 अशी भरली, असे समजू. संगणक दशांश समजतो, इंच समजत नाही. त्याच्या लेखी नदी 42 फूट आणि जेमतेम सव्वा इंचावर आहे. धोका अद्याप पावणेअकरा इंच दूर. हा आकडाही पाहणाऱ्याला चुकीचा वाटणार नाही. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस व पाणीपातळी यांची माहिती आपोआप गोळा करणारी यंत्रणा राज्याच्या जलसंपदा विभागाने उभारलेली आहे. अशा यंत्रणेच्या एकेका केंद्रावर एकक, शून्यबिंदू आणि दशांशस्थळ ठरविणे हे काम निव्वळ कारकुनी समजले जाते. ज्याच्या अंगणात पाणी येते त्याला ते कारकुनी वाटणार नाही.

आता गप्प राहण्याचा प्रश्न. हजेरीत क्रमांक पुकारला आणि उत्तर आले नाही, तर विद्यार्थी गैरहजर. पण वर्गात एक जुनी खोडी असते, जी या सभागृहातील पुष्कळांनी कधी ना कधी केली असेल. मित्र आलेला नसतो, आणि त्याचा क्रमांक येताच मागच्या बाकावरून दुसराच कोणी ‘हजर’ म्हणतो. यंत्रांच्या जगात ही खोडी प्रामाणिक हेतूने केली जाते. वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या यंत्रांच्या मध्ये गेटवे नावाची एक दुभाषी पेटी बसवलेली असते. ती एका बाजूच्या यंत्रांकडून आकडे गोळा करून स्वतःजवळ ठेवते आणि दुसऱ्या बाजूने विचारणा झाली की साठ्यातून उत्तर देते. मूळ यंत्र बंद पडले आणि पेटीला योग्य सूचना दिलेली नसेल, तर ती शेवटचा आकडाच पुन:पुन्हा देत राहते. पडदा जिवंत दिसतो, आकडा काल रात्रीचा असतो. नदीच्या बाबतीत काल रात्रीचा आकडा म्हणजे काय, हे खादरातील लोकांना विचारावे.

जुन्या अभियंत्यांना ही अडचण ठाऊक होती. मघाशी सांगितलेले प्रवाहाचे माप शून्यापासून सुरू न करता 4 मिलीअँपिअरपासून सुरू करण्यामागे हाच विचार आहे. माप शून्य असले तरी 4 चा प्रवाह वाहतोच. खरोखर शून्य आले तर तार तुटली आहे असे समजावयाचे. काही नाही आणि काही कळत नाही यांतील फरक इतक्या स्वस्तात सांगणारी दुसरी युक्ती तंत्रज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. आजच्या संगणकीय जोडणीत तेच काम ठोक्यांच्या मोजणीने करावे लागते. दूरचे यंत्र दर सेकंदाला एक आकडा एकाने वाढवीत राहते आणि तो वाढणे थांबले की बाकीचे सर्व आकडे शिळे ठरवून पडद्यावर करड्या रंगात दाखविले जातात. हा ठोका बसविण्यास तासभर लागतो. काम घाईत उरकावयाचे असेल तर पहिल्यांदा गाळला जातो तो हाच तास.

14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली दुपारी दोनच्या सुमारास गोठली. कोणतीही घंटा वाजत नव्हती आणि घंटा वाजत नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे समजून कर्मचारी तासाहून अधिक काळ काम करीत राहिले. त्या काळात एकामागून एक वाहिन्या बंद पडत होत्या. बाहेरून दूरध्वनी येत होते, पण समोरचा पडदा निराळे सांगत होता. सायंकाळपर्यंत अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली. त्या कर्मचाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण गप्प पडद्यावर विश्वास ठेवण्याचे शिक्षण त्यांना पडद्यानेच दिले होते.

याच्या अगदी उलट वागणारी यंत्रणा पाहावयाची तर पुन्हा मयूर विहारलाच यावे लागते. दिल्ली मेट्रोची पिंक लाइन 2018च्या अखेरीस या भागात आली ती दोन तुकड्यांत. त्रिलोकपुरीपासून शिव विहारपर्यंतचा तुकडा 31 ऑक्टोबर रोजी सुरू झाला आणि लाजपत नगरहून येणारा तुकडा 31 डिसेंबर रोजी मयूर विहार पॉकेट-1 पर्यंत आला. मधले जेमतेम 289 मीटर पुनर्वसनाच्या प्रश्नामुळे राहून गेले. अडीच वर्षांहून अधिक काळ एकाच नावाची मार्गिका दोन ठिकाणी तुटक धावत होती. 6 ऑगस्ट 2021 रोजी ती जोडली गेली आणि त्याच वर्षी 25 नोव्हेंबर रोजी या मार्गावर चालकाविना धावणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. तुटलेले 289 मीटर मार्गावरच्या कोणालाही दिसत होते. गाडी आणि नियंत्रण कक्ष यांच्यामधील जोडणी मात्र कोणाला दिसत नाही.

अशा मार्गावर प्रत्येक गाडी आपण कोठे आहोत हे रेडिओवरून सतत कळवीत असते आणि पुढे कोठवर जाण्यास मुभा आहे हे तिला सतत कळविले जात असते. हा संवाद ठरलेल्या अवधीपेक्षा अधिक काळ तुटला तर गाडी शेवटच्या आकड्यावर विसंबून पुढे जात नाही, ती थांबते. रेल्वेच्या जगात सिग्नलचा दिवा विझलेला असला तर तो तांबडा समजावयाचा हा नियम फार जुना आहे आणि चालकाविना गाडीत तो जसाच्या तसा उतरला आहे. मयूर विहारच्या फलाटावर कधी गाडी विनाकारण दोन मिनिटे उभी राहिली की प्रवासी वैतागतात. त्या दोन मिनिटांत बहुधा कोणा यंत्राने आपल्याला नीट ऐकू येत नाही हे प्रामाणिकपणे कबूल केलेले असते. नदीच्या आकड्यांनाही हाच नियम लावावयास हरकत कोणती, असा प्रश्न येथे पडतो. हरकत एकच: गाडी थांबविता येते, नदी थांबविता येत नाही. म्हणून आकडा गप्प झाला की तेथे माणसानेच जावे लागते.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. मॉडबससारख्या जुन्या भाषा ज्या काळी जन्मल्या, त्या काळी सर्व यंत्रे एकाच भिंतीच्या आत होती. विचारणारा कोण आहे हे तपासण्याची सोयच त्यांच्यात ठेवलेली नाही. जो क्रमांक पुकारील त्याला उत्तर, जो आज्ञा देईल त्याची आज्ञा प्रमाण. पुढे छोट्या रूपांतरक पेट्या लावून हीच यंत्रे संगणकांच्या जाळ्याला जोडली गेली. खाडिलकर-जोशांचा वाडा तोच राहिला, परंतु त्याचा परसदरवाजा महामार्गावर उघडू लागला. 23 डिसेंबर 2015 रोजी युक्रेनमधील तीन वीज वितरण कंपन्यांच्या यंत्रणेत घुसखोरांनी प्रवेश केला. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरील बाण आपोआप हलू लागला आणि एकेक उपकेंद्र बंद होत गेले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात गेले. जाता जाता घुसखोरांनी उपकेंद्रांतील त्या रूपांतरक पेट्यांमधील मूळ आज्ञावलीच पुसून टाकली, जेणेकरून दुरून पुन्हा कोणाला आज्ञा देता येऊ नये. एवढ्या मोठ्या हल्ल्यात त्यांनी लक्ष्य म्हणून निवडली ती ही तळहाताएवढी पेटी.

वीज काही तासांत परत आली. तंत्रज्ञ गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हातांनी स्विच जोडले. तेथील उपकरणे हाताने चालविता येण्याजोगी होती आणि ती चालविणे येणारी माणसे अद्याप नोकरीत होती. नव्या यंत्रणा उभारताना या दोन्ही गोष्टी खर्चाच्या रकान्यात पडतात आणि पहिल्याच बैठकीत त्यांच्यावर रेघ ओढली जाते, हे मात्र खेदाने नमूद करावे लागते.

हे काम करतो कोण, असे पालक विचारतील. आयटीआय किंवा पदविका झालेली, विशी-पंचविशीतील मुले-मुली हे काम करतात. पॅनलच्या खोलीत जमिनीवर बसून, मांडीवर लॅपटॉप आणि शेजारी यंत्राची पुस्तिका उघडी ठेवून, कोणत्या कप्प्यात काय आहे याचा तक्ता ती जुळवीत असतात. पुस्तिका इंग्रजीत असते आणि पुष्कळदा ती मुळात तिसऱ्याच भाषेतून भाषांतरित झालेली असते. अशा वेळी गणित मातृभाषेत पक्के झाले असेल तर उपयोगी पडते. दशांश, एकक, चिन्ह, वजाबाकी यांपलीकडचे गणित या कामाला फारसे लागत नाही. परंतु जे लागते ते थकलेल्या अवस्थेत, रात्री दोन वाजता, वरिष्ठ ‘झाले का’ म्हणून विचारीत असताना अचूक यावे लागते. शाळेत ‘उत्तराला एकक लिहिले नाही’ म्हणून अर्धा गुण कापणाऱ्या गुरुजनांवर ज्यांचा राग अजून गेला नसेल, त्यांनी 205.32 आणि 208.66 यांतील फरकाकडे एकवार पाहावे.

जोडणी पुरी झाल्यावर एक शेवटचे काम राहते. ते दोन माणसांचे असते. एक जण पडद्यासमोर बसतो, दुसरा प्रत्यक्ष जागेवर जातो. नदीच्या काठी दगडी खांबावर रंगविलेली मोजपट्टी असते. सेन्सर आले तरी ती पुसलेली नाही, आणि केंद्रीय जल आयोगाची माणसे पुराच्या दिवसांत आजही तासातासाला ती डोळ्यांनी वाचतात. जागेवरचा माणूस विजेरीच्या उजेडात पट्टीवरची रेघ वाचतो आणि दूरध्वनीवर आकडा सांगतो. पडद्यासमोरचा माणूस आपल्या समोरचा आकडा सांगतो. दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहिले जातात. मग जागेवरचा माणूस सेन्सरची तार मुद्दाम सोडवितो आणि पलीकडे विचारतो, ‘आता काय दिसते?’ पडद्यावर आकडा अजूनही तसाच असेल, तर काम पुरे झालेले नसते. तो करडा झाला असेल, तर तार पुन्हा जोडली जाते, कागदावर वेळ लिहिली जाते आणि खाली दोघांच्या सह्या होतात.